साठवणुकीचा आजार : मधुमेह आणि सडपातळ भारतीय देह

संसर्गजन्य आजाराला बहुधा एक ठळक कारण, एक निश्चित प्रारंभ आणि एक शेवट असतो. जंतू शरीरात शिरतो, शरीर त्याच्याशी झुंजते आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत निकाल लागतो. दीर्घकालीन आजारांची घडण याहून निराळी असते. त्यांचा प्रारंभ कोणत्याही एका दिवशी होत नाही, त्यांना एकच कारण नसते आणि शरीराच्या ज्या यंत्रणा माणसाला जिवंत ठेवण्यासाठी घडल्या आहेत, त्याच यंत्रणांचा तोल हळूहळू ढळत गेल्याने ते आकाराला येतात. उच्च रक्तदाब, हृदयरोग, मूत्रपिंडाचा दीर्घ आजार, दमा, संधिवात अशा आजारांच्या या मालिकेत मधुमेहाचा, त्यातही प्रौढ वयात दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा, अभ्यास विशेष उद्बोधक ठरतो, कारण आजार कसा घडतो, तो केव्हा ओळखला जातो आणि तो आटोक्यात कसा राहतो, या तीन प्रश्नांची उत्तरे येथे एकमेकांत गुंतलेली स्पष्ट दिसतात.

भारताच्या दृष्टीने या अभ्यासाला आणखी एक कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि ‘इंडियाब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एक लाखाहून अधिक प्रौढांच्या तपासणीवर आधारलेल्या या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत, म्हणजे साखर सामान्य पातळीच्या वर पण मधुमेहाच्या रेषेखाली असलेल्या अवस्थेत आहेत. राज्यवार आकड्यांत गोवा सर्वांत वर असून तेथील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे प्रौढांमध्ये चौघांत एकाहून अधिक, आढळले. या कोट्यवधी रुग्णांतील कित्येक जण पाश्चात्त्य मोजपट्टीने स्थूल ठरत नाहीत. वजनकाटा ज्यांना निरोगी म्हणतो त्यांच्या रक्तात साखर का वाढते, या प्रश्नाच्या उत्तरात मधुमेहाचे खरे स्वरूप दडलेले आहे आणि ते उत्तर शोधण्यात पुण्याजवळच्या सहा खेड्यांचा वाटा मोठा आहे.

रक्तातील चमचाभर साखर

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्यात ग्लुकोज या साखरेचे प्रमाण दर डेसिलिटरला म्हणजे शंभर मिलिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम इतके असते. हिशेब केल्यास संपूर्ण रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे सुमारे एक चमचाभर साखर भरते. दोन पोळ्या आणि वाटीभर भात असलेल्या साध्या जेवणातून मात्र साठ ते ऐंशी ग्रॅम ग्लुकोज शरीराला मिळू शकते. रक्तातील साठ्याच्या दहा-पंधरा पट साखर दर जेवणानंतर आतड्यातून येत असताना पातळी फार चढू न देणे, आणि रात्रीच्या उपवासात मेंदूला अखंड ग्लुकोज लागत असताना ती फार उतरू न देणे, हे काम शरीर आयुष्यभर करत असते.

या कामाचे सूत्र इन्शुलिन या संप्रेरकाच्या हाती असते. जठराच्या मागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडात विखुरलेल्या लहान पेशीसमूहांमधील बीटा पेशी हे संप्रेरक तयार करतात आणि रक्तातील साखर वाढू लागताच ते सोडतात. इन्शुलिनच्या आज्ञेने तीन ठिकाणी तीन कामे होतात: स्नायूंच्या पेशी ग्लुकोज आत घेणारी दारे पृष्ठभागावर आणून साखर ओढून घेतात, यकृत स्वतः साखर बनवणे थांबवून आलेली साखर ग्लायकोजेन या रूपात साठवते, आणि चरबीच्या पेशी आपली चरबी रक्तात सोडणे बंद करून उलट नवी चरबी साठवू लागतात. म्हणजे इन्शुलिन हे मूलतः साठवणुकीचे संप्रेरक आहे. रक्तातील साखरेचा आकडा हा या सगळ्या साठवण-व्यवस्थेचा बाहेरून दिसणारा एकच निर्देशक होय.

वैद्यकाच्या इतिहासात मात्र या निर्देशकावरच दीर्घकाळ लक्ष खिळून राहिले, आणि ते स्वाभाविकही होते. प्राचीन भारतीय वैद्यांनी मधासारख्या गोड मूत्रावरून आजाराला नाव दिले. सुश्रुतसंहितेत तर प्रमेहाचे, म्हणजे अशा मूत्रविकारांचे, जन्मजात आणि अपथ्यामुळे झालेला असे दोन भेद सांगून पहिल्यातील रुग्ण कृश आणि दुसऱ्यातील स्थूल असतो, असे निरीक्षणही नोंदवलेले आहे. मूत्रातील व रक्तद्रवातील गोडवा साखरेचाच असतो, हे मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने १७७६ मध्ये दाखवले. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यावर त्याला मधुमेह होतो हे सिद्ध केले आणि १९२१ साली टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांना स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे करण्यात यश आल्यावर, ज्या मुलांना तोवर मृत्यूखेरीज भवितव्य नव्हते, ती जगू लागली. परंतु १९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले की काही रुग्णांत इन्शुलिन टोचले तरी साखर अपेक्षेइतकी उतरत नाही. पुढे १९६० मध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन भरपूर असल्याचे आढळले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशींचा नाश करते आणि इन्शुलिनचा जवळपास पूर्ण अभाव होतो. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, पण त्याची आज्ञा पाळली जात नाही. या अवज्ञेला इन्शुलिन-प्रतिरोध असे म्हणतात.

कोठार भरल्यानंतर

इन्शुलिन-प्रतिरोध का निर्माण होतो, याचे आजचे सर्वांत समाधानकारक उत्तर चरबीच्या जागेशी निगडित आहे. त्वचेखालील चरबी ही शरीराने जास्तीच्या ऊर्जेसाठी बांधलेली सुरक्षित कोठी आहे आणि तेथे साठलेल्या चरबीने फारसे नुकसान होत नाही. पण या कोठीची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते. ती भरली आणि खर्चापेक्षा जमा अधिकच होत राहिली, की उरलेली चरबी पोटातील अवयवांभोवती आणि पुढे जेथे ती असायला नको अशा यकृतात, स्नायूंत व स्वादुपिंडात उतरू लागते. कणगी भरल्यावर धान्य ओसरीवर सांडावे, तसा हा प्रकार होय.

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील रॉय टेलर यांनी या सांडलेल्या चरबीच्या परिणामांची मांडणी एकमेकांना रेटणाऱ्या दोन चक्रांच्या रूपात केली आहे. पहिले चक्र यकृताचे: चरबीने भरलेले यकृत इन्शुलिनला जुमानत नाही आणि उपाशीपोटीही साखर बनवत राहते, ती खाली आणण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते, आणि हे वाढलेले इन्शुलिन यकृताला आणखी चरबी बनवायला लावते. दुसरे चक्र स्वादुपिंडाचे: यकृत आपल्याकडची जास्तीची चरबी रक्तावाटे बाहेर पाठवते, ती बीटा पेशींच्या भोवती व आत साचते आणि त्या पेशी जेवणानंतर तत्परतेने इन्शुलिन सोडण्याचे आपले विशेष काम हळूहळू विसरतात. पहिले चक्र वर्षानुवर्षे फिरत असते तरी साखर सामान्य दिसते, कारण स्वादुपिंड जादा काम करून तूट भरून काढत असते. ते थकू लागल्यावरच आकडा वर सरकतो. ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या १९७७ ते १९९७ अशी वीस वर्षे चाललेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की निदानाच्या वेळी रुग्णांच्या बीटा पेशींची कार्यक्षमता सुमारे निम्म्यावर आलेली होती. रोगाच्या वाटचालीत निदान हा पहिला टप्पा नसून बराच पुढचा टप्पा आहे, हे यावरून उघड होते.

याचा एक महत्त्वाचा अर्थ असा की धोका एकूण चरबीवर जेवढा अवलंबून असतो, त्याहून अधिक तो त्या व्यक्तीची कोठी केवढी आहे यावर अवलंबून असतो. एखाद्याची कोठी शंभर किलो वजनालाही पुरते, तर दुसऱ्याची साठ किलोलाच ओसंडते.

पुण्याजवळची सहा खेडी

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा देहभारांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, एकच होता: २२.३. क्ष-किरणांच्या विशेष तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले. बाहेरून सडपातळ दिसणारा भारतीय देह आत स्नायूंनी उणा आणि चरबीने अधिक असू शकतो, ही गोष्ट त्या एका छायाचित्राने अभ्यासकांच्या मनावर ठसवली. याच निरीक्षणांमुळे भारतीयांसाठी देहभारांकाची रेषा खाली आणण्यात आली. २३ च्या वर जादा वजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. पोटाच्या घेराची मर्यादाही पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर अशी कमी ठरवण्यात आली.

ही ठेवण कोठून येते, याचा शोध याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासातून घेतला. त्यामागे साउथॅम्प्टन येथील डेव्हिड बार्कर यांचा विचार होता. इंग्लंडमधील जुन्या जन्मनोंदी तपासून बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले होते की जन्मतः कमी वजन असलेल्यांना उतारवयात हृदयविकार आणि मधुमेह अधिक प्रमाणात होतो, आणि त्याचे कारण गर्भातील अपुऱ्या पोषणाशी जुळवून घेताना शरीराने केलेल्या काटकसरीत असावे. पुण्याच्या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की येथे जुन्या नोंदींवर विसंबण्याऐवजी गर्भधारणेपूर्वीच स्त्रियांची नोंद झाली, गरोदरपणातील आहार, शेतातील व घरातील श्रम आणि रक्तातील घटक मोजले गेले आणि जन्मलेल्या मुलांचा मागोवा पुढे अनेक वर्षे घेण्यात आला.

या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली साउथॅम्प्टनची बाळे सरासरी ३.५ किलोची होती. ही तूट शरीराच्या सर्व भागांत सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव यांची वाढ बरीच खुंटलेली होती, परंतु खवाट्याखालच्या त्वचेची घडी, जी चरबीचा अंदाज देते, ती इंग्लिश बाळांच्या जवळपास पोहोचत होती. कमी वजनाचे, दिसायला किडकिडीत आणि तरीही तुलनेने मेदयुक्त असे हे बाळ होते. संशोधकांनी या ठेवणीला ‘कृश-मेदयुक्त’ भारतीय असे म्हटले. वाढत्या गर्भाला पोषण अपुरे मिळते तेव्हा मेंदूचा पुरवठा आधी राखला जातो आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला कमी येते, असा याचा अर्थ लावला जातो; म्हणजे साखर रिचवणारे स्नायू आणि तिचा तोल राखणाऱ्या बीटा पेशी या दोन्ही बाबतींत हे मूल आयुष्याची सुरुवात तोकड्या भांडवलावर करते.

आहाराच्या तपशिलात आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघाली. बाळाच्या वाढीचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी अधिक दिसला. रक्ततपासणीत सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली, फोलेटची कमतरता मात्र विरळाच होती. बी-१२ दूध, अंडी, मासे व मांस अशा प्राणिज अन्नातूनच मिळते, त्यामुळे शाकाहारी आणि दूधही बेताचेच असलेल्या आहारात ते अपुरे पडते. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी चरबी व इन्शुलिन-प्रतिरोध अधिक असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नोंदवले गेले. ही दोन्ही जीवनसत्त्वे जनुकांवर रासायनिक खुणा उमटवण्याच्या प्रक्रियेत एकत्र काम करतात, आणि कोणते जनुक कितपत बोलके राहील हे त्या खुणा ठरवतात. म्हणून एकाची विपुलता आणि दुसऱ्याची चणचण हा असमतोल गर्भाच्या घडणीवर ठसा ठेवत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

हीच मुले १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. त्यांच्यापैकी जवळपास निम्मी पाश्चात्त्य निकषाने कमी वजनाची होती आणि तरीही ३७ टक्के मुलगे व १८ टक्के मुलींमध्ये साखर सामान्य मर्यादेबाहेर, बहुतांशी मधुमेहपूर्व अवस्थेत गेलेली आढळली. अशा तरुणांतील वाढलेल्या साखरेचे मूळ कारण लठ्ठपणात शोधणे व्यर्थ आहे. जन्मतः तोकड्या असलेल्या क्षमतेवर पुढे शहरी बैठे काम, वाहनांची सोय, तळलेले व गोड पदार्थ आणि पोटावर चढलेली थोडीशी चरबी यांचा भार पडतो, तेव्हा युरोपीय माणसापेक्षा दहा-पंधरा किलो कमी वजनावर आणि कमी वयातही तोल जातो. यात आनुवंशिकतेचाही वाटा आहेच. ‘टीसीएफ७एल२’ या जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध २००६ मध्ये युरोपीय लोकांत दिसला आणि लवकरच पुण्यातील रुग्णांमध्येही तो आढळला. परंतु जनुके एका पिढीत बदलत नाहीत, परिस्थिती बदलते.

निदानाच्या रेषा आणि त्यांच्या मर्यादा

मधुमेहाचे निदान लक्षणांवर सोडता येत नाही. मूत्रपिंड रक्तातील साखर परत शोषून घेत असते. ती साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावरच लघवीत उतरू लागते आणि मग वारंवार लघवी, तहान व वजनातील घट ही ठळक लक्षणे दिसतात. त्याखालच्या पातळीवर शरीर गप्प असते. म्हणून निदान आकड्यांवर होते: किमान आठ तासांच्या उपवासानंतर साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक. उपाशीपोटी १०० ते १२५, दोन तासांनंतर १४० ते १९९ आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व पट्टा होय. ठळक लक्षणे नसतील तर एकाच चाचणीवर शिक्का न मारता ती पुन्हा करून खात्री करावी, असा संकेत आहे. घरच्या ग्लुकोमीटरचा उपयोग साखरेवर लक्ष ठेवण्यासाठी असतो. निदानासाठी प्रयोगशाळेतील शिरेच्या रक्ताची चाचणीच ग्राह्य मानतात.

लोकांत ‘तीन महिन्यांची सरासरी’ म्हणून ओळखली जाणारी एचबीए१सी ही चाचणी तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण सांगते. रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, तेवढ्या काळातील साखरेची सावली तिच्यावर राहते आणि आदल्या दिवशीच्या पथ्याने ही चाचणी फसत नाही. परंतु पेशींचे आयुष्यच बदलले तर आकडाही बदलतो. लोहाच्या कमतरतेने झालेल्या पंडुरोगात तो वास्तवापेक्षा अधिक दिसू शकतो, तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात पेशी लवकर नष्ट होत असल्याने तो फसवेपणाने कमी येऊ शकतो. पंडुरोग सर्वत्र आढळणाऱ्या आणि नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल आढळणाऱ्या महाराष्ट्रात ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. अशा वेळी प्रत्यक्ष ग्लुकोजच्या चाचण्यांवरच भर द्यावा लागतो.

सडपातळ व तरुण रुग्णाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न निकाली काढावा लागतो, तो म्हणजे हा मधुमेह दुसऱ्या प्रकारचाच आहे की उशिरा प्रकटलेला पहिल्या प्रकारचा. बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आणि इन्शुलिनबरोबर समप्रमाणात तयार होणारे सी-पेप्टाइड मोजून तो सोडवता येतो. गरोदर स्त्रियांसाठी भारतात डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकाराने सोपी पद्धत रूढ झाली: जेवण झालेले असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासावे आणि साखर १४० किंवा अधिक आल्यास गर्भावस्थेतील मधुमेह मानावा. उपाशी राहून दुसऱ्यांदा दवाखाना गाठणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. या निदानाने आईइतकेच बाळाचेही हित साधते, कारण आईची वाढलेली साखर नाळेतून गर्भाला मिळाली की त्याच्यातही चरबी साठू लागते आणि पुढच्या पिढीचा धोका वाढतो.

गुंतागुंत कशी वाढते

वाढलेली साखर सर्व अवयवांना सारखी इजा करत नाही. डोळ्यांचे दृष्टिपटल, मूत्रपिंडातील गाळण्या आणि चेतातंतू यांच्यातील काही पेशी आत येणाऱ्या ग्लुकोजला अडवू शकत नाहीत. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही ती वाढते, घातक ऑक्सिकारक द्रव्ये तयार होतात, प्रथिनांना साखर कायमची चिकटून ती ताठर बनतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या झिजू लागतात. यूकेपीडीएस अभ्यासात कडक नियंत्रण ठेवलेल्या गटाचा सरासरी एचबीए१सी ७.० आणि नेहमीच्या उपचारांच्या गटाचा ७.९ होता, एवढ्याशा फरकानेही सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी संबंधित गुंतागुंत २५ टक्क्यांनी घटली. हृदय आणि मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बाबतीत मात्र रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचे वजन साखरेइतकेच पडते, म्हणून मधुमेहाच्या उपचारात या तिघांकडे दुर्लक्ष करणे म्हणजे अर्धाच उपचार करणे होय.

ही हानी सुरुवातीला वेदनारहित असते. त्यामुळे वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी, लघवीतून झिरपणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे मापन आणि पायांच्या संवेदनेची परीक्षा आवश्यक ठरते. बधिर झालेल्या पायाला मंदिराच्या तापलेल्या फरशीचा चटका किंवा अनवाणी चालताना रुतलेला काटा जाणवत नाही, आणि अशा न जाणवलेल्या जखमेतूनच पाय गमावण्याची वेळ येते.

आहार, श्रम आणि औषधे

उपचारांचे तत्त्व आजाराच्या यंत्रणेतूनच निघते: कोठारावरचा भार कमी करणे, साखर रिचवणारे स्नायू वाढवणे आणि उरलेल्या बीटा पेशींना विसावा देणे. मराठी घरांतील आहाराचा विचार केल्यास दोष पोळी किंवा भात यांपैकी एकाचा नसून ताटातील पिठूळ पदार्थांच्या एकूण प्रमाणाचा असतो. ज्वारीची भाकरी चोथ्याच्या दृष्टीने चांगली असली तरी तीन भाकऱ्यांची साखर शेवटी तीन भाकऱ्यांचीच होते. गूळ आणि मध यांना साखरेहून निराळा न्याय लावता येत नाही. आणि उपवासाचा साबुदाणा हा जवळपास शुद्ध पिष्टमय पदार्थ असल्याने मधुमेही व्यक्तीला उपवासाच्या दिवशीच सर्वाधिक साखर देऊन जातो. उसळी, डाळी, ताक, अंडी किंवा मासे यांतून प्रथिने वाढवणे आणि कोशिंबीर-भाजीचा भाग मोठा ठेवणे हे कृश-मेदयुक्त देहाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्याला उष्मांक घटवण्याइतकेच स्नायू घडवणेही गरजेचे असते. व्यायामाचे मोलही यातच आहे: काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या आज्ञेची वाट न पाहता साखर आत घेतो, म्हणून चालण्याला वजन उचलण्याच्या किंवा स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची जोड हवी.

औषधांमध्ये मेटफॉर्मिनला अग्रस्थान आहे. युरोपातील गॅलेगा या वनस्पतीच्या अभ्यासातून या कुळातील औषधांचा माग लागला आणि फ्रान्समध्ये झां स्टर्न यांनी १९५७ मध्ये मेटफॉर्मिनचा मानवी उपयोग प्रसिद्ध केला. ते मुख्यतः यकृताचे साखर बनवणे रोखते. दीर्घकाळ घेतल्यास ते बी-१२चे शोषण कमी करते, म्हणून ज्या समाजात हे जीवनसत्त्व मुळातच अपुरे आहे, तेथे त्याची अधूनमधून तपासणी व्हायला हवी. अन्यथा बी-१२च्या अभावाने आलेल्या पायांच्या मुंग्या मधुमेहाच्याच खात्यावर मांडल्या जातात. सल्फोनिलयुरिया गटातील स्वस्त गोळ्या बीटा पेशींकडून अधिक इन्शुलिन काढून घेतात, पण जेवण चुकल्यास साखर धोकादायकरीत्या उतरवू शकतात. एसजीएलटी-२ रोखणारी औषधे मूत्रपिंडाकरवी साखर लघवीत सोडून देतात आणि हृदय व मूत्रपिंड यांचे रक्षणही करतात, हे २०१५ पासूनच्या चाचण्यांनी दाखवले. आतड्यातील जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करणारी औषधे भूक आणि वजन दोन्ही घटवतात. इन्शुलिनचे इंजेक्शन म्हणजे अखेरचा उपाय किंवा रुग्णाच्या पराभवाची खूण, असा समज रूढ असला तरी तो चुकीचा आहे. बीटा पेशींची क्षमता संपत आली की ती तूट भरून काढण्याचा तो सरळ मार्ग असतो.

मधुमेह माघारी फिरू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत बदलले आहे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत काही महिने दररोज सुमारे ८५० उष्मांकांच्या आहारावर ठेवलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के जण वर्षअखेरीस औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली आले. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के उरले. न्यूकॅसलच्या टेलर यांच्या गटाने पुढे २० सडपातळ रुग्णांवर केलेल्या लहान अभ्यासात सरासरी साडेसहा टक्के वजन कमी होताच ७० टक्के जणांची साखर मधुमेहाच्या रेषेखाली आली, म्हणजे वजनकाट्यावर सडपातळ असलेल्यांच्याही यकृतात आणि स्वादुपिंडात चरबी सांडलेली होती. याला ‘शमन’ म्हणावे, ‘कायमची सुटका’ म्हणू नये. वजन परतले की आजारही परततो. बीटा पेशींचा ऱ्हास पुढे गेल्यावर शमनाची शक्यता मावळते. म्हणून हा प्रयोग निदानानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा. औषधे स्वतःहून बंद करून कडक उपास धरणे घातक ठरू शकते.

प्रतिबंधाची योग्य वेळ

मधुमेहपूर्व अवस्थेत हस्तक्षेप केल्यास आजार टळतो किंवा लांबतो, हे आता वादातीत आहे. अमेरिकेतील २००२ च्या चाचणीत आहार-व्यायामाने धोका ५८ टक्क्यांनी घटला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत तो २८.५ टक्क्यांनी घटला, आणि विशेष म्हणजे त्यासाठी वजनात लक्षणीय घट व्हावी लागली नाही. दोन आकड्यांतील हा फरक पुन्हा त्याच मुद्द्याकडे नेतो: भारतीय देहात बीटा पेशींची शिल्लक आधीच कमी असल्याने मध्यम वयात सुरू केलेला प्रतिबंध उपयोगी असला तरी अपुरा पडतो. म्हणूनच पुण्यातील संशोधकांनी त्याच सहा खेड्यांतील मुलांना आणि मुलींना, ती आईबाप होण्याआधीच, किशोरवयात बी-१२ देण्याची चाचणी २०१२ मध्ये हाती घेतली. आईबापांना पोषण देऊन अजून न जन्मलेल्या पिढीचा मधुमेह कमी करता येतो का, हा तिचा विषय आहे.

या सर्वांतून वाचकाने व्यवहारात उतरवण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, वजन कितीही कमी असले तरी, वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासावा. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढील व्यक्तींसाठी ही तपासणी होते. वजनकाट्यावर विसंबण्याऐवजी शिंप्याच्या टेपने पोटाचा घेर मोजावा. आणि घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या ताटात दूध, ताक, पालेभाजी आणि फळ रोज पडते की नाही, हे पाहणे हाही मधुमेहाच्या प्रतिबंधाचाच भाग आहे, असे मानून घरातील कर्त्या माणसांनी त्याकडे लक्ष द्यावे.